पॉक्सोची तक्रार ते कोर्टातली साक्ष : आमचे साडेसहा महिने

आमच्या घरातल्या चौदा वर्षांच्या बाबूला मोबाईलवर फोटो मागून पैशांसाठी धमकावलं गेलं, त्या केसमधली त्याची कोर्टातली साक्ष मार्चमध्ये संपली, आता गोव्यातली चवथ म्हणजे गणेशचतुर्थी तोंडावर आलीय, म्हणजे पाच महिने मी हे लिहीन लिहीन म्हणत पुढे ढकलत होते. मागच्या वर्षी याच दिवसांत मी रात्री दोन वाजता मोबाईलवर शोधत होते की आता नक्की करायचं काय, पहिला फोन कुणाला लावायचा, आणि मराठीत कुणी स्वतः यातून गेलेल्या माणसाने लिहिलेलं काही सापडलं नाही. कायद्याची कलमं सापडली, पण पोलीस स्टेशनात शिरल्यावर पहिलं वाक्य काय बोलायचं ते कुठेच नव्हतं. म्हणून लिहितेय.

आधी एक सांगते. मुलाचं खरं नाव, गाव, तालुका, शाळा, जिल्हा उत्तर की दक्षिण, यातलं काही मी लिहिणार नाही, कारण पॉक्सो, म्हणजे लैंगिक अत्याचारापासून मुलांचं संरक्षण करणाऱ्या कायद्याच्या कलम २३ प्रमाणे मुलाची ओळख पटेल असं काहीही छापायला बंदी आहे, आणि कायदा नसता तरी मी लिहिलं नसतं. मी त्याची नेमकी कोण हेही सांगत नाही, तो मला मावशी म्हणतो एवढं पुरे. त्याला आपण बाबू म्हणू. तारखा मी दोन-चार दिवस इकडेतिकडे केल्यात पण दोन गोष्टींच्या मध्ये किती दिवस गेले ते खरं आहे. आणि हे लिहू का असं त्याला विचारलं, तो म्हणाला लिही पण आधी मला वाचायला दे. त्याने वाचलंय.

२०२४ ची चवथ ७ सप्टेंबरला होती, शनिवारी. आमच्या मूळ घरी सगळी जमलेली, वीस-बावीस माणसं, गणपतीवर फळापानांची माटोळी बांधलेली, संध्याकाळी आरत्यांना घुमटं, कातडं लावलेली मातीची वाद्यं. बाबू तेव्हा चौदा वर्षांचा, आणि लहानपणापासून घुमट वाजवणारा, आरती सुरू झाली की त्याला कधी हाक मारावी लागली नाही. त्या दिवशी तो आलाच नाही, पोटात दुखतं म्हणून माडीवर झोपून राहिला. दुसऱ्या दिवशी रविवारी तेच. दीड दिवसाचं विसर्जन करून सगळे परतले, मी त्याच्यासाठी पातोळ्या घेऊन वर गेले तर तो भिंतीकडे तोंड करून होता आणि मोबाईल उशीखाली सारखा थरथरत होता, मेसेजवर मेसेज. मी काही विचारलं नाही, नुसती बसून राहिले. दहाएक मिनिटांनी तो म्हणाला, "मावशी, माझ्याकडून एक चूक झाली, आईला सांगशील?"

थोडक्यात असं. एका मोबाईल गेमवर ओळख झाली, समोरची व्यक्ती स्वतःला त्याच्याच वयाची मुलगी म्हणवत होती, दीड महिना गप्पा, मग गेम सोडून दुसऱ्या ॲपवर ये म्हणाली, मग फोटो मागितले, त्याने पाठवले, आणि पाठवल्यावर अर्ध्या तासात भाषा बदलली. पैसे दे नाहीतर हे शाळेच्या ग्रुपवर टाकतो. सोबत त्याच्या वर्गातल्या मुलांच्या अकाउंटची यादी. बाबूने ताईच्या, म्हणजे त्याच्या आईच्या मोबाईलवरून, रिचार्ज तोच मारायचा म्हणून पिन त्याला माहीत, आधी ५०० मग १,००० असे १,५०० रुपये पाठवले होते. आता मागणी ५,००० ची होती.

त्याने मला विचारलं, "तू ते फोटो बघणार?" मी म्हटलं नाही बाबू, मला बघायची गरजच नाही. आणि आजपर्यंत मी ते बघितले नाहीत, ताईने नाही, भावोजींनी नाही. हे मी मुद्दाम लिहितेय, कारण मागून वळून पाहिलं तर मला वाटतं त्या एका उत्तराने तो पुढचं सगळं बोलला. त्या क्षणी त्याच्यावर ओरडले असते किंवा मोबाईल हिसकावून बघायला लागले असते तर आम्ही तिथेच त्याला घालवलं असतं.

त्या रात्री आम्ही काय केलं ते क्रमाने सांगते. आधी ताई आणि भावोजींना वर बोलावलं, बाबूला विचारूनच. भावोजी दोन मिनिटं काही बोलले नाहीत, मग त्याच्या डोक्यावर हात ठेवून म्हणाले, "पुता, आता झोप, उरलेलं आमी बघतांव." खाली जाऊन ते रडले हे मला नंतर ताईने सांगितलं.

मग पुरावा. चॅट डिलीट करायचं नाही हे मला माहीत होतं. ज्यात धमकी आहे, पैशांची मागणी आहे, त्या माणसाचं युजरनेम आणि प्रोफाइलची लिंक दिसते, त्या सगळ्याचे तारीख-वेळेसकट स्क्रीनशॉट घेतले. मुलाचे फोटो ज्या भागात आहेत त्याला हात लावला नाही, ते कुणालाही पाठवले नाहीत, आपसात सुद्धा नाहीत. हे फार महत्त्वाचं आहे. लोक घाबरून वकिलाला, ओळखीच्या पोलिसाला व्हॉट्सॲपवर पाठवून देतात, पण मुलांचं असं चित्र जवळ ठेवणं आणि पुढे पाठवणं हा गुन्हाच आहे, आणि सप्टेंबर २०२४ मध्येच सुप्रीम कोर्टाने एका निकालात ते अगदी स्पष्ट केलं, त्याला चाइल्ड पोर्नोग्राफी म्हणू नका, मुलांच्या शोषणाचं साहित्य म्हणा असंही सांगितलं. ते मोबाईलमध्ये आहे तसं राहू द्यायचं आणि मोबाईल पोलिसांच्या ताब्यात द्यायचा, बस.

पैसे गेले होते म्हणून १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला फोन लावला, रात्री साडेबाराला, चौथ्या प्रयत्नात लागला. ताईच्या बँकेचे डिटेल्स, व्यवहाराचा नंबर, समोरचा यूपीआय आयडी एवढं विचारतात, ते आधीच कागदावर लिहून ठेवा. मग सायबरक्राइम डॉट गव्ह डॉट इन या पोर्टलवर तक्रार. तिथे महिला आणि मुलांच्या गुन्ह्यांचा वेगळा भाग आहे, त्यात नाव न देता तक्रार करता येते किंवा नाव देऊन नंतर पाठपुरावा करता येतो, आम्ही दुसरं निवडलं. शेवटी एक नंबर मिळतो, तो सांभाळा, पुढे पाच-सहा ठिकाणी मागितला.

आणि एक गोष्ट बाबूने स्वतः केली. टेक इट डाउन नावाची एक फुकट सेवा आहे, अमेरिकेतल्या हरवलेल्या आणि शोषित मुलांसाठीच्या राष्ट्रीय केंद्राची, २०२३ मध्ये सुरू झालेली, अठरा वर्षांखालच्यांसाठी. त्यात फोटो कुठे अपलोड होत नाही, आपल्याच मोबाईलवर त्याचा एक आकड्यांचा ठसा तयार होतो, हॅश म्हणतात त्याला, तो ठसा त्यांच्याकडे जातो आणि सामील असलेल्या कंपन्या, इन्स्टाग्राम फेसबुक वगैरे, तो फोटो आपल्याकडे सापडला तर काढतात. सगळ्या ॲपवर चालत नाही. पण रात्री एक वाजता मी खिडकीकडे तोंड करून उभी होते आणि तो पलंगावर बसून एकेक करत होता, झालं म्हणाला तेव्हा पहिल्यांदा त्याचा आवाज जरा बरा वाटला. पातोळ्या तशाच राहिल्या होत्या, त्या त्याने तेव्हा खाल्ल्या. मग त्या माणसाला ब्लॉक केलं. पैसे दिले नाहीत.

सोमवारी ९ तारखेला सकाळी नऊला आम्ही जवळच्या पोलीस स्टेशनला गेलो, ताई भावोजी आणि मी, बाबूला नेलं नाही, तक्रार पालकांनी किंवा कुणीही द्यायला चालते. स्टेशनचं नाव लिहीत नाही. ड्युटीवरच्या माणसाने ऐकून घेतलं आणि म्हणाला हे आमच्याकडे होत नाही, सायबरमध्ये रायबंदरला जा. आणि मग जे म्हणाला ते मी विसरू शकत नाही. "चेडो मगे तो, ताका कितें जातलें?" मुलगाच ना तो, त्याला काय होणार.

पॉक्सोत मुलगा मुलगी असा फरकच नाही, अठराच्या खालचं प्रत्येक मूल त्यात येतं. आणि केंद्र सरकारने २००७ मध्ये मुलांवरच्या अत्याचाराची जी मोठी पाहणी केली होती त्यात लैंगिक अत्याचार सोसल्याचं सांगणाऱ्या मुलांमध्ये निम्म्याहून किंचित जास्त मुलगेच होते. हे मी त्या दिवशी त्याला सांगू शकले नाही, माझे हात थरथरत होते. बाहेर व्हरांड्यात येऊन १०९८, मुलांची हेल्पलाइन, लावला. पलीकडच्या बाईने शांतपणे सगळं ऐकलं आणि मला एक वाक्य दिलं जे मी इथे तसंच देते, पाठ करून जा: "ही पॉक्सोच्या कलम १९ खाली तक्रार आहे, हद्द तुमची नसेल तर झिरो एफआयआर करा, पण नोंद करा." नोंद न करणाऱ्यालाही कलम २१ खाली सहा महिन्यांपर्यंत शिक्षा आहे, ते बोलायची वेळ आली नाही. हे वाक्य बोलल्यावर आत बसायला खुर्ची मिळाली. पाऊण तासाने महिला पीएसआय आल्या आणि त्यांच्याबद्दल मी चांगलंच लिहीन, त्यांनी पहिला प्रश्न विचारला तो "मुलगा जेवतोय का नीट?"

त्या संध्याकाळी साडेचारला घरी आल्या, साध्या सलवार कमीजमध्ये, आपल्या गाडीने. जबाब मुलाच्या घरी किंवा तो म्हणेल तिथे घ्यायचा, शक्यतो महिला अधिकाऱ्याने आणि युनिफॉर्मशिवाय, हे कायद्यात लिहिलंय पण आम्ही सकाळी तसं मागितलं म्हणून मिळालं असं मला वाटतं, कारण आधी "उद्या घेऊन या त्याला" असंच म्हणाले होते. जबाब कोकणीत बोलला, लिहिला गेला इंग्लिशमध्ये. इथे जरा थांबा. मॅडमनी वाचून दाखवला तेव्हा एका ठिकाणी त्याने स्वतःहून फोटो पाठवले अशा अर्थाचं वाक्य होतं, बाबू हळूच म्हणाला, मी नाही पाठवत म्हटलेलं तीनदा, मग पाठवला. ते त्यांनी बदललं, तीनदा नाही म्हटलं हे त्याच्या शब्दांत घातलं, आणि ते तीनदा नाही चॅटमध्येही होतं. तेव्हा वाचून दाखवल्याशिवाय, आपल्या भाषेत समजल्याशिवाय सही नको, कितीही उशीर झाला तरी.

एफआयआरची कॉपी रात्री आठला मिळाली, फुकट मिळते. त्यात पॉक्सो, आयटी ॲक्टचं ६७ बी, भारतीय न्याय संहितेतलं खंडणीचं ३०८ आणि गोवा चिल्ड्रन्स ॲक्टचं कलम ८ लावलं होतं. सोबत एक फॉर्म ए देतात, त्यात मुलाचे आणि पालकांचे हक्क छापलेले असतात. आम्हाला दिला नव्हता, मागितल्यावर दिला. पुढच्या सहा महिन्यांत मला सगळ्यात कामाला आलेला कागद तोच, पर्समध्ये घडी करून ठेवलेला, घडीवर फाटला तेव्हा चिकटपट्टी लावली.

मोबाईल त्याच रात्री जप्त झाला, पंचनामा करून पाकिटात सील. जप्तीच्या कागदाची कॉपी घ्या, आयएमईआय नंबर त्यावर बरोबर आहे ना बघा, सिम दुसरं काढून घ्या कारण शाळेचे ओटीपी त्याच नंबरवर येतात. आणि मोबाईल देण्याआधी त्यात मुलाचं आणखी काय आहे ते अधिकाऱ्यालाच विचारून, त्यांच्यासमोर काढून घेता येतं का ते विचारा. आम्ही विचारलं नाही. बाबूची आजी त्याच वर्षी मे महिन्यात गेली, तिचे शेवटच्या दोन वर्षांतले फोटो आणि एक घुमटाच्या तालावर टाळ्या वाजवतानाचा व्हिडिओ त्याच मोबाईलमध्ये होता आणि दुसरीकडे कुठेच नव्हता. हे त्याच्या लक्षात दोन दिवसांनी आलं.

गोव्याला आपला स्वतंत्र कायदा का आहे हे मला नीट कळलं ते याच आठवड्यात. १९९१ मध्ये फातोर्ड्याला फ्रेडी पीट्स पकडला गेला तेव्हा मी शाळेत होते. अनाथ मुलांसाठी आश्रम चालवतो म्हणून मान मिळालेला माणूस, आणि त्याने अत्याचार केले ती मुलं म्हणजे मुलगे. घरात मोठी माणसं हळू आवाजात बोलायची, आम्ही गेलो की गप्प व्हायची, पेपर कपाटावर ठेवायची. मडगावच्या कोर्टाने १९९६ मध्ये त्याला जन्मठेप दिली. त्या प्रकरणात छाप्यात सापडलेले फोटो मोठा पुरावा होते, आणि मग २००३ मध्ये गोवा चिल्ड्रन्स ॲक्ट आला, पॉक्सोच्या नऊ वर्षं आधी, मुलांसाठी वेगळं कोर्ट त्यानेच दिलं. त्यात फोटो डेव्हलप करणाऱ्यांवरसुद्धा जबाबदारी टाकलीय की मुलांचे तसले फोटो धुवायला आले तर पोलिसांना कळवायचं. तेव्हा रोल धुवायला दुकानात जावं लागायचं, मध्ये एक तिसरा माणूस होता. बाबूच्या बाबतीत मध्ये कुणीच नव्हतं, माडीवरचं बंद दार आणि उशीखालचा मोबाईल. आणि आमच्या लहानपणी जी कुजबूज चालायची तिच्यामुळे आम्हाला काहीच कळलं नाही, बाबूशीही आम्ही कुणी या विषयावर कधी बोललो नव्हतो, हे मला जास्त लागतं.

पोलिसांनी चोवीस तासांत बाल कल्याण समितीला कळवायचं असतं, कळवलं होतं. शुक्रवारी १३ तारखेला समितीसमोर बोलावलं. कोर्टासारखं असेल या भीतीने बाबू आदल्या रात्री झोपला नाही, प्रत्यक्षात एक लांब टेबल, चार माणसं, आणि वीस मिनिटं. तिथे सपोर्ट पर्सन मागा. म्हणजे तक्रारीपासून खटला संपेपर्यंत मुलाबरोबर राहणारी, तारखा कळवणारी, कोर्टात बरोबर येणारी व्यक्ती, समिती नेमते, पैसे पडत नाहीत, आणि घरच्यांची संमती लागते. आम्हाला एक तरुण मुलगी मिळाली. पहिल्या भेटीत तिने केसबद्दल अवाक्षर काढलं नाही, घुमटाचं कातडं आता कसलं लावतात असं विचारलं, घोरपडीच्या कातड्यावर बंदी आहे ना. बाबू अर्धा तास बोलत होता.

समितीला आणखी एक अधिकार आहे. ज्यांना प्रवासाला, जेवणाला, कपड्यांना लगेच पैसे लागतात त्यांच्यासाठी ती तातडीची मदत मंजूर करायला सांगू शकते, आठवड्याच्या आत मिळायची तरतूद आहे. आम्हाला तशी गरज नव्हती. पण बाहेर बाकावर एक बाई होती, मजुरीवर जाणारी, दोन दिवसांची रोजंदारी बुडवून आलेली, तिला हे कुणीच सांगितलं नव्हतं. मी माझा फॉर्म ए दाखवला, ती आत जाऊन मागून आली. पुढे काय झालं मला कळलं नाही.

गुरुवारी १९ तारखेला मॅजिस्ट्रेटसमोर जबाब. आधी याला १६४ चा जबाब म्हणायचे, नव्या कायद्यात, भारतीय नागरिक सुरक्षा संहितेत, तो १८३ झालाय, पोलीस अजून दोन्ही म्हणतात. साडेदहाची वेळ दिली होती, आत घ्यायला दहा मिनिटं कमी दीड वाजला. कोर्टाच्या पॅसेजमध्ये तीन तास मुलाला बसवून ठेवणं वाईट आहे, तिथे बेड्या घातलेली माणसं ये-जा करत असतात. आमच्या सपोर्ट पर्सनने मागून घेऊन एका रिकाम्या खोलीत बसवलं, मुलांसाठी वेगळी खोली आहे का असं तुम्ही पोचल्या पोचल्या विचारा. डबा, पाणी, एक पुस्तक बरोबर ठेवा.

मॅजिस्ट्रेट मॅडमच्या चेंबरमध्ये आम्ही दोघं गेलो, ज्याच्यावर मुलाचा विश्वास आहे अशी व्यक्ती सोबत बसू शकते. त्यांनी टेबलामागची खुर्ची सोडली आणि आमच्या बाजूला येऊन बसल्या. पाण्याचा ग्लास त्याच्याकडे सरकवला. शाळेचं विचारलं, खरं आणि खोटं यातला फरक विचारला. मग म्हणाल्या, सांग. बाबूने ग्लास दोन्ही हातांनी धरला होता, तो त्यातल्या पाण्याकडेच बघत होता, बराच वेळ. आणि मग म्हणाला, "मॅडम, मावशी बाहेर बसली तर चालेल?"

मी उठले. दारापर्यंतची ती चार पावलं... मला वाईट वाटलं का? वाटलं, एक क्षण. बाहेर आल्यावर शिपाईबाईने स्टूल दिलं आणि म्हणाली, बरीच मुलं तसंच सांगतात, आपल्या माणसासमोर जड जातं. मला ते बोलणं फार मोलाचं वाटलं. पस्तीस मिनिटांनी तो बाहेर आला, ग्लास हातातच होता, परत द्यायला वळला, मग म्हणाला भूक लागली. आम्ही समोरच्या हॉटेलात पाव भाजी खाल्ली, त्याने तीन पाव खाल्ले.

त्यानंतर लांबलचक शांतता. हे कुणी सांगत नाही की पहिले दहा दिवस रोज काहीतरी असतं आणि मग महिनाभर कुणाचा फोन नाही. बाबू रोज शाळेतून आला की विचारायचा काही कळलं का. नव्या कायद्यात ९० दिवसांत तपास कुठवर आला ते तक्रारदाराला कळवायचं आहे, मी दर पंधरा दिवसांनी एक साधी चिठ्ठी लिहून तपास अधिकाऱ्यांना द्यायचे आणि कॉपीवर शिक्का घ्यायचे. भांडायचं नाही, चिठ्ठी द्यायची.

याच काळात त्याला जास्त त्रास झाला. रात्री जाग यायची, वर्गात कुणी हसलं की आपल्यावरच हसले असं वाटायचं. सुरुवातीला घाईत एका खाजगी सायकॉलॉजिस्टकडे गेलो, दोन वेळा, प्रत्येकी १,२०० रुपये. नंतर बांबोळीला आयपीएचबीत, सरकारी मानसोपचार रुग्णालयात नेलं. ताईला आधी ते नको होतं, तिथे नेलं म्हटलं की लोक काय म्हणतील, आमच्याकडे अजून त्या जागेबद्दल तसंच बोलतात. पण तिथल्या डॉक्टरनी त्याला जे सांगितलं ते तो घरी येऊन ताईला सांगत होता: ज्याने हे केलं तो दिवसाला अशी पन्नास मुलं शोधतो, त्याचा तो धंदाच आहे, तू मूर्ख म्हणून फसला नाहीस. शाळेत फक्त मुख्याध्यापकांना आणि समुपदेशक बाईंना सांगितलं, लेखी दिलं की हजेरीत कारण नुसतं "कौटुंबिक" लिहा. ते त्यांनी पाळलं.

१७ ऑक्टोबरला फोन आला, माणूस सापडला. दुसऱ्या राज्यातला, तेवीस वर्षांचा. यूपीआयवरून गेलेल्या त्या १,५०० रुपयांचा धागा पकडून पोलीस पोचले होते. म्हणून सांगते, पैसे दिलेत याची लाज वाटून ती गोष्ट लपवू नका. केस चालू आहे म्हणून त्याच्याबद्दल आणखी काही लिहीत नाही. जामिनाचा अर्ज झाला की मुलाच्या घरच्यांना कळवावं लागतं, आम्हाला कळवलं, सरकारी वकिलांमार्फत आम्ही म्हणणं मांडलं. स्वतःचा वकील हवा असेल तर तोही देता येतो, ऐपत नसेल तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडून फुकट मिळतो.

ताईच्या बँकेचे आणि चॅटचे स्क्रीनशॉट द्यायचे तर नव्या साक्ष कायद्याच्या कलम ६३ चं, इलेक्ट्रॉनिक पुराव्यासाठीचं सर्टिफिकेट लागतं, ते ताईने सही करून दिलं, नमुना तपास अधिकाऱ्यांकडे असतो. ११ डिसेंबरला चार्जशीट झाली.

मुलाची साक्ष कोर्टाने दखल घेतल्यापासून तीस दिवसांत घ्यायची असं कलम ३५ सांगतं. आमची पहिली तारीख ४ फेब्रुवारीला होती, न्यायाधीश रजेवर. दुसरी २७ फेब्रुवारी, समोरच्या वकिलांनी मुदत मागितली. दोन्ही वेळा बाबू आदल्या रात्री जागा, सकाळी उलटी, आणि अकरा वाजता "पुढची तारीख". या दोन दिवसांचा मला अजून राग आहे. आधी फोन करून विचारता आलं असतं, तिसऱ्या वेळी सपोर्ट पर्सनने सकाळी साडेनऊला खात्री करूनच आम्हाला निघायला सांगितलं. तुम्ही पहिल्यापासून तसं करा.

२४ मार्च, सोमवार. आधीच्या आठवड्यात सरकारी वकिलांनी त्याला रिकामं कोर्ट दाखवलं होतं, कोण कुठे बसतं, तू कुठे बसशील. आरोपी दिसणार नाही अशी सोय केलेली, पडदा. दार बंद, आत मोजकी माणसं. वकील मुलाला थेट प्रश्न विचारत नाहीत, न्यायाधीशांना सांगतात आणि ते विचारतात, पॉक्सोत तसंच आहे. या वेळी मी आत होते, मागच्या खुर्चीवर. उलटतपासणीत एक प्रश्न असा आला की तू त्या व्यक्तीला दोस्त म्हणायचास ना, मग. न्यायाधीशांनी तो प्रश्न पुढे नेला नाही, दुसरा घ्या म्हणाल्या. मध्ये बाबूने थोडा वेळ मागितला, दहा मिनिटं दिली. एकूण सव्वा तास. शेवटी त्याला विचारलं आणखी काही सांगायचंय का, तो म्हणाला, "मी तीनदा नाही म्हटलेलं, ते लिहिलंय ना?" लिहिलंय, म्हणाल्या.

मुलाला परत परत कोर्टात बोलवायचं नाही असा नियम आहे, त्यामुळे त्याच्यापुरतं हे त्या दिवशी संपलं. खटला चालू आहे, ताईची साक्ष झाली, तपास अधिकाऱ्यांची बाकी आहे. खर्चाचं विचाराल तर पोलीस, समिती, कोर्ट कुठेही फी नाही. झेरॉक्स, टॅक्सी, ते दोन सेशन, नवीन सिम धरून साडेसात हजारांच्या आसपास गेले, भावोजींच्या बुडालेल्या अकरा दिवसांची मजुरी वेगळी. नुकसानभरपाईचा अर्ज विधी सेवा प्राधिकरणामार्फत केलाय, अंतरिम रक्कम खटला संपायच्या आधीही मिळू शकते, आमची अजून आलेली नाही. ते १,५०० बँकेने होल्ड केल्याचा मेसेज आला होता, पुढे काही नाही.

बाबू आता दहावीला आहे. साधा बटणाचा फोन वापरतो, तोच त्याने मागितला. जप्त केलेला मोबाईल केस संपेपर्यंत मिळणार नाही असं सगळे सांगतात आणि त्यात जे आहे ते बघता मोबाईल परत न मिळणंच बरोबर आहे. पण आम्ही कोर्टाकडे एक छोटा अर्ज दिलाय, मोबाईल नको, त्यातल्या फक्त आजीच्या फोटोंची आणि त्या एका व्हिडिओची कॉपी तज्ज्ञाकडून काढून द्या. अर्जाला कुठल्या फोल्डरमध्ये काय आहे त्याची यादी जोडायची होती, ती बाबूने आठवून स्वतःच्या अक्षरात लिहिली, सत्तावीस फोटो, एक व्हिडिओ. तारीख १८ सप्टेंबरची मिळालीय.